घरच्या केकची फिर्याद

ती दुपार आजही आठवते, आणि आठवली की आधी हात पोटावर जातो. उभी हयात खाकीत काढली. दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली, बंदोबस्तात दगड खाल्ले. पण खरी भीती मला वाटली ती एका केकची. दिवाळीला सगळं घर जमलं की भाचे-पुतणे मुद्दाम विचारतात, काका, तो केकवाला गुन्हा सांगा ना. मी सांगायला लागतो तेव्हा सगळे हसत असतात. अर्ध्यावर आलो की हसू थांबतं. आज तेच लिहून काढतो. नाव कुणाचंच लिहिणार नाही, गावाचंही नाही. वाशीम जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव आणि त्याच्या हद्दीतलं एक खेडं, एवढं पुरे.

मी तिथं ठाणेदार होतो. मे महिना होता, रविवार होता. आमच्या जमादारांचा वाढदिवस होता. पूर्वी ठाण्यात वाढदिवस म्हणजे आलुबोंडे आणि कटिंग चहा. अलीकडे केक कापायची पद्धत आली. केक आणायचा तो ठरलेल्या ठिकाणाहूनच. सुतार गल्लीत एक बाई घरीच केक करायची. नवरा कूलर दुरुस्त करत उन्हाळाभर गावोगाव फिरणारा, घरात सासू, पदरी दोन मुली. गल्लीत, बाजारात, शाळेत सगळे तिला आपा म्हणायचे, मुसलमान घरात थोरल्या बहिणीला म्हणतात तसं; मीही तेच म्हणतो. तिच्या हाताला चव होती. माझी साखर वाढलेली, घरून सक्त ताकीद होती. त्यामुळे मी एकच तुकडा घेतला, आणि कुणी पाहत नाहीसं बघून दुसरा.

हात पुसतोय तोवर ग्रामीण रुग्णालयातून फोन आला. जवळच्या खेड्यातून लेकरं आणली आहेत, वाढदिवसाच्या घरची. उलट्या, चक्कर, श्वास लागलाय. सुतार गल्लीतल्या आपाच्या केकमधून विषबाधा झाली असं नातेवाईक म्हणतात, पोलीस पाठवा. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घ्यायला बसला. "साहेब, केक कोनाचा म्हने?" मी सांगितलं. त्याचा पेन थांबला. मागच्या टेबलावर त्याच बाईच्या केकचा रिकामा पुठ्ठा पडला होता, त्याला अजून मलई लागलेली होती.

 ठाण्यात जेवढी माणसं होती तेवढे हात पोटावर गेले. एक शिपाई न विचारता मागच्या बाजूला पळाला. जमादार हळूच म्हणाले, "साहेब, माह्या पोटात त सकाळपासूनच गडगड होऊन राह्यली."

"सकाळी केक आला नव्हता, जमादार," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण मनात माझे दोन तुकडे मोजत होतो.

आम्ही निघतोय तेवढ्यात दुसरा फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. आमच्याकडे खबर बहुधा अशीच येते, शेजाऱ्याच्या आवाजात. एवढंच म्हणाला, "साहेब, ते केकवाली भांडे घासून राह्यली. सारा ओटा धुतला. पुरावा चालला तुमचा."

आधी रुग्णालयात गेलो. वऱ्हांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सहा लेकरं आणि त्यांची एक आत्या, असे सातजण. दोन-दोन लेकरं एका खाटेवर. मी नोकरीत पुष्कळ रडणं ऐकलं होतं, पण त्या खोलीत रडणं नव्हतं. पोरं गप्प होती, छातीवर हात धरून बसली होती, ओठ पांढरे पडलेले. त्या शांततेनं मला जास्त धडकी भरली. सगळ्यात वाईट अवस्था एका नऊ-दहा वर्षांच्या पोरीची. ज्या पोरीचा वाढदिवस होता तिची ही चुलत बहीण. तिला प्राणवायू लावला होता, अकोल्याला हलवायची तयारी चालली होती.

डॉक्टर बाई तरुण होत्या, पहिलीच नेमणूक. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की अन्नातून झालं असेल तसे उपचार सुरू केलेत, पण मन मानत नाही. पोट बिघडलेलं पोर पोट धरतं. ही छाती धरतात. रक्तदाब खाली चाललाय. "काय खाल्लं, कशात काय होतं, ते मला लवकर कळलं पाहिजे. नाहीतर मी अंधारात चाचपडतेय, सर."

वाढदिवसवाल्या पोरीचा बाप बाहेर उभा होता. चांगला शेतकरी माणूस, सोयाबीन-तुरीचा. पण त्या वेळी डोळे लाल झालेले. मला पाहताच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की त्या बाईला आत टाका, नाहीतर आमी पाहून घेतो. "घरच्या चुलीवर बसून इकते. ना दुकान, ना लायसन. हॉटेलवर धाड टाकता तुमी, तिच्या घरावर काहून नाई?"

 मलाही वाटायचं, घरी करून विकणं म्हणजे चोरीचोरीच काहीतरी असणार. कायद्याचा माणूस म्हणवत होतो आणि दर वाढदिवसाला त्याच बाईचा केक खात होतो, पण कायदा काय म्हणतो हे कधी विचारलं नव्हतं. गर्दीतले लोक मोबाईल बघत होते. एव्हाना संदेश फिरायला लागला होता: केकमध्ये विष, लेकरं मेली. मेलं कुणीच नव्हतं. खाली आपाचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. जमादाराचं, माझं, ज्याच्या घरी वाढदिवस होता त्याचं, कुणाचं नाव त्यात नव्हतं. एकच नाव होतं, आणि ते वाचून लोक एकमेकांकडे कसे बघत होते ते मी पाहिलं. ते बघणं मला ओळखीचं आहे. त्यानंतर काय होतं तेही.

सुतार गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा दीड-दोनशे माणूस जमलं होतं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, तरी कुणी हलत नव्हतं. माझ्यासोबत चार माणसं, त्यातली एक महिला शिपाई. गर्दीत शिरताना पोलिसानं चालीवर लक्ष ठेवायचं असतं. भराभर चाललं की लोकांना कळतं, हा घाबरलाय. मी सावकाश चाललो. गुडघे तसेही भराभर चालू देत नव्हते, त्यामुळे रुबाब आपोआप आला.

दार आतून बंद होतं. महिला शिपायानं आवाज दिला तेव्हा उघडलं. आत फिनाईलचा वास भरून राहिला होता. ओटा लख्ख, भांडी पालथी, फडकी वाळत घातलेली. नमुना म्हणून घ्यायला मलईचा एक ठिपका शिल्लक नव्हता. आणि आपा जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही बाजूंना दोन मुली, आणि तिचा एकेक हात एकेकीच्या पोटावर.

मी विचारलं, हे सगळं धुतलं कशाला? ती म्हणाली, कुणीतरी ओरडलं, पोलीस तपासणीला येऊन राहिलेत. धंद्याची नोंदणी करताना अन्न खात्याच्या लोकांनी सांगितलं होतं की तपासणीला कधीही माणूस येईल, स्वयंपाकघर चकचकीत दिसलं पाहिजे, नाहीतर कागद काढून घेऊ. म्हणून सासू आणि ती दोघी तुटून पडल्या. मलई सांडली, अंडी फेकली, साचे घासले. जिवाच्या भीतीनं माणसं पुरावा नष्ट करतात हे मी पाहिलं होतं. कायद्याच्या धाकानं, कायदा पाळायला जाऊन, स्वतःच्या सुटकेचा पुरावा मोरीत ओतणारी ही पहिलीच.

नोंदणीचा कागद भिंतीवर होता, काचेच्या चौकटीत, कुराणातल्या आयत-उल-कुर्सीच्या तसबिरीशेजारी. मी तो वाचायला लागलो तर महिला शिपाई मागून म्हणाली, "सर, घरून विकता येते. लहान धंदा असला त निस्ती नोंदणी पुरते, मोठं लायसन नाई लागत. माही बहीण चकल्या इकते नं." घरातली स्वच्छता, पाणी, झाकून ठेवणं, तपासणीला हरकत न घेणं, एवढ्या अटी. म्हणजे त्या दोनशे माणसांत, मला धरून, कायद्याप्रमाणे वागणारी बहुधा ही एकटीच होती.

पण कागदानं विष उतरत नाही. मी मुलींकडे बोट करून विचारलं, यांच्या पोटावर हात का?

"केकचे काठ कापतो नं आमी साहेब, थे कातरन याह्यनंच खाल्लं. दोघींनी." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मी मंघापासून इचारून राह्यली, बेटा, मळमळते का. मले त काईच समजत नाई. माह्याच हातून काई पडलं असन त?"

 बाहेरच्या गर्दीला वाटत होतं, हिनं विष घातलं. तिलाही तेच वाटायला लागलं होतं. फक्त ती ते स्वतःच्या लेकरांच्या तोंडावर शोधत होती.

तिला तिथं ठेवणं शक्य नव्हतं. सासूला शेजारच्या घरी पाठवून तिला मुलींसकट जीपमध्ये बसवलं. तिनं विचारलं, "अटक का साहेब?" मी म्हणालो, जवाब घ्यायचाय. गल्लीतून जीप निघाली तेव्हा मागच्या पत्र्यावर एक दगड वाजला. एकच. मी मागे वळून पाहिलं नाही. ज्यानं मारला त्याला उत्तर दिलं असतं तर दुसरा आला असता. तो दगड माझ्या जन्मभराच्या बंदोबस्तातला सगळ्यात लहान असेल, पण आवाज त्याचाच जास्त लक्षात आहे. लहान मुलीनं कान झाकून घेतले होते.

ठाण्यात जवाब सुरू केला. अंडी कुठली? मैदा कधीचा? रंग कोणता? मलई किती वेळ बाहेर होती? ती उत्तरं देत होती आणि दर उत्तरामागे एक वाक्य जोडत होती: मीच चुकली असन. मलई? थोडा वेळ बाहेर होती, गरमी लई होती, मीच चुकली असन. रंग? नवीन बाटली फोडली, मीच पाहिली नाई बराबर. आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकायला मिळते. गुन्हेगार प्रत्येक प्रश्नातून स्वतःला सोडवत असतो. ही बाई प्रत्येक प्रश्नात स्वतःला अडकवत होती. आणि असा माणूस ठाणेदाराला फार सोयीचा असतो.

मध्येच ती म्हणाली, "एकाच घोलाचे दोन केक केले साहेब. एक तुमच्या ठान्यात देल्ला, एक खेड्यात."

महिला शिपायानं माझ्याकडे पाहिलं. मी जमादारांकडे पाहिलं. जमादार पाण्याची बाटली तोंडाला लावून भिंतीकडे वळले. ही बाब तिच्या बाजूची होती. पण ती बाहेर सांगणार कशी? पोलीस तिचाच केक खातात, म्हणून तिला वाचवतात, असा दुसरा संदेश फिरला असता. आणि मनात दुसरीच शंका: विष चढायला वेळ लागत असेल तर? मी घोट-घोट पाणी पीत होतो आणि दर घोटाला जिभेची चव तपासत होतो.

तेवढ्यात वरून फोन आला. काय स्थिती आहे, अटक दाखवली का, लोक रस्त्यावर यायच्या आत काहीतरी दाखवा. ठाण्याच्या फाटकाशी गर्दी आलीच होती. आपाला तो फोन ऐकू गेला असावा. ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "साहेब, लिहून घ्या. माह्या हातून झालं. पोरींले माह्या मायकडं पोचवा. पन थे अकोल्याले नेली थे पोरगी वाचली पायजे."

पेन माझ्या हातात होता. वरचे खूश झाले असते, गर्दी पांगली असती, मी संध्याकाळी घरी जाऊन वरण-भात खाल्ला असता. मी लिहिलं नाही. यात माझा मोठेपणा धरू नका. तो केक मी स्वतः खाल्ला होता, दोन तुकडे, त्यामुळे तो निर्दोष निघावा अशी आरोपीइतकीच गरज मलाही होती. मी म्हणालो, आधी घटनास्थळाचा पंचनामा, मग जवाबावर सही. तिला आणि मुलींना महिला शिपायाच्या ताब्यात दिलं, फाटकाला कडी घातली, आणि जमादारांना घेऊन खेड्याकडे निघालो.

खेडं रिकामं वाटत होतं. निम्मं गाव रुग्णालयात, निम्मं आमच्या फाटकाशी. वीज गेलेली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वाढदिवसाच्या घरी फक्त एक म्हातारी, पोरीची आजी, अंगणात निंबाखाली बसलेली. दारावर फुगे होते, उन्हानं निम्मे फुटलेले. आम्ही पंच म्हणून शेजारचे दोघं बोलावले आणि आत गेलो. ताटात केकचा चौथा हिस्सा उरला होता. जमादार नमुना सीलबंद करायला बसले. रुमालानं नाक धरून असे बसले, जणू बॉम्बच निकामी करतायत.

आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून एक सात वर्षांची पोरगी उड्या मारत आली, नवा चकचकीत फ्रॉक, डोक्यावर कागदी मुकुट, आणि गालावर कानापर्यंत गुलाबी मलई. जमादारांच्या पुढ्यातल्या ताटात बोट घालून तिनं ते चाटलं.

जमादार ओरडलेच. मी तिला उचललं. "किती खाल्लास केक?"

"लय," ती म्हणाली. "फूल पन मीच खाल्लं."

हीच ती वाढदिवसाची पोरगी. सगळ्यात जास्त केक हिच्या पोटात होता. मी आजीला विचारलं, तुम्ही खाल्ला? "एक फोड खाल्ली नं बाप्पा. दात नाईत, तरी खाल्ली." काही त्रास? नाही. हिच्या बापानं? खाल्ला. आईनं? खाल्ला. त्यांना काही झालं? नाही.

इतका वेळ आम्ही सगळे एकच प्रश्न धरून बसलो होतो: आजारी पडलेल्यांनी काय खाल्लं. कोण आजारी पडलं नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी पोरीसमोर खाली बसलो. गुडघ्यांनी आवाज केला, त्याकडे दुर्लक्ष केलं. केक कापायच्या आधी काय केलं तुम्ही, असं विचारलं.

ती खुलून सांगायला लागली. तिला शेजारच्या घरी पाठवलं होतं. हल्ली टीव्हीत दाखवतात तसं सगळ्यांनी लपून बसायचं आणि ती आली की एकदम बाहेर येऊन ओरडायचं, असं ठरलं होतं. पण शेजारणीनं तिचे केस विंचरायला घेतले, वेणीत गजरा घातला, आणि तिला यायला खूप उशीर झाला. तोवर आत्या सगळ्या पोरांना गप्प करून लपवून बसली होती. "आली त सगळे खोकलतच बाहेर निंगाले," ती म्हणाली आणि हसली.

"कुठं लपले होते?"

"गव्हाच्या खोलीत."

आमच्या भागात मे महिन्यात वर्षाचा गहू भरतात. जाड भिंतीची, बिनखिडकीची खोली, कोठी आणि पोती. किडा लागू नये म्हणून गव्हात गोळी टाकतात, वर ताडपत्री, दाराच्या फटीत बारदाना. लोणच्याला मीठ घालावं इतकं हे नेहमीचं आहे. माझ्या स्वतःच्या घरी, मेडशीकडे, दर वर्षी होतं. त्या गोळीतून वायू निघतो. बंद खोलीत तो माणसालाही सोडत नाही. हे मला माहीत होतं, जमादारांना माहीत होतं, त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असणार. पण नेहमीच्या गोष्टीवर संशय कोण घेतो? मी आजीला विचारलं, गोळी टाकली का यंदा? ती म्हणाली, "कालच टाकली नं, लहान्याच्या बापानं." लहान्या कोण, म्हणून विचारलं. वाढदिवसाच्या पोरीचा धाकटा भाऊ, पाळण्यातला.

"तो कुठं आहे? रुग्णालयात?"

"नाई बाप्पा. त्यानं कायले केक खाल्ला?" आजीचा चेहरा शांत होता, थोडा अभिमानाचाही. "लाईन नाई, कूलर बंद. लेकरू घामानं लई किरकिर करे. तुमी याच्या घडीभर आधी थंड्यात निजोलं त्याले. गव्हाच्या खोलीत."

मी उठलो कसा, मला आठवत नाही. ज्या माणसाला जिना चढायला कठडा लागतो तो माणूस ते अंगण पळत गेला. दार ओढून घेतलेलं होतं. लाथ मारली. आत काळोख, गारवा, आणि लसणाचा वास. आढ्याला लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या, प्रत्येक घरी असतात तशा, म्हणून त्या वासाची शंका कुणालाच आली नव्हती. गोळीचा वासही तसाच असतो. मी श्वास रोखून आत शिरलो. पोत्यांच्या मागे बाज होती, बाजेवर गोधडी, गोधडीत लेकरू. डोळे मिटलेले. उचललं तर मान मागे पडली.

अंगणात आणलं. निंबाखाली घेऊन बसलो. जमादार पंख्यासारखा कागद हलवत होते आणि तोंडानं सारखं "ए राजा, ए राजा" म्हणत होते.  आजीला कळलं होतं. तिचे हात हवेत तसेच राहिले होते, लेकरू घ्यायला पुढे केलेले असावेत तसे. मी त्याच्या पाठीवर थोपटत होतो. किती वेळ, सांगता येत नाही. मग ते खोकललं. एकदा, मग परत. मग रडलं. त्या रडण्यानंतर मी आयुष्यात कुठल्याही लेकराच्या रडण्याला वैतागलो नाही.

लेकराला रुग्णालयात नेताना जीपमधूनच डॉक्टर बाईंना फोन केला. केक नाही, गव्हाची गोळी. पलीकडे त्या भराभर हुकूम सोडताना ऐकू आल्या. अकोल्याला निघालेल्या गाडीलाही त्यांनीच कळवलं. त्या मुलीची झुंज मोठी होती, पण ती वाचली. बाकीची लेकरं दोन-चार दिवसांत घरी आली. आत्याचा खोकला बरेच दिवस गेला नाही. बाळ सगळ्यांत लवकर बरं झालं.

बापाला मी रुग्णालयाच्या मागच्या बाजूला नेऊन सांगितलं. तो खाली बसला. म्हणाला, "मीच टाकली साहेब. दरसाल टाकतो." थोड्या वेळानं वर पाहिलं. "मंग केक?" मी नकाराची मान हलवली. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.  त्यानं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. रीतसर अहवाल गेला, सुट्या गोळ्या विकणाऱ्या दुकानाबद्दल कृषी खात्याला कळवलं. मी त्याला एवढंच सांगितलं, मोबाईलवरच्या ज्या गटावर तिचं नाव फिरलं त्याच गटावर तुझ्या तोंडानं खरं सांग. त्यानं सांगितलं, रडत सांगितलं. पण पहिला संदेश शेजारच्या तालुक्यापर्यंत गेला होता. दुसरा तालुक्याच्या बसस्टँडपर्यंतही पोचला नाही. पोरं वाचली, ही बातमी लोक वाचतात आणि पुढच्या कामाला लागतात.

आपाला त्याच संध्याकाळी घरी सोडलं. गल्लीत कुणी नव्हतं. मोठी मुलगी झोपेत होती, तिला आपानं खांद्यावर घेतलं होतं. "मी उद्या केक करू शकते का साहेब?" तिनं विचारलं. मी म्हणालो, कायद्यानं काहीच अडचण नाही. तिनं मान हलवली. ती स्वतःच्या हातांबद्दल विचारत होती आणि मी कायद्याचं उत्तर दिलं, हे मला जीप वळल्यावर कळलं.

पुढे बरेच महिने तिच्याकडे कुणी गेलं नाही. लोक म्हणायचे, तिचं काही चुकलं नव्हतं म्हणे, पण कशाला ना. केकच्या नमुन्याचा अहवाल आला. त्यात काही निघालं नाही. मी त्याची प्रत घेऊन स्वतः तिच्या घरी गेलो. म्हटलं, चौकटीत लावा, दुसऱ्या कागदाशेजारी. मी दाराबाहेरच्या ओट्यावर बसलो होतो तेवढ्यात गल्लीत ती निंबाखालची म्हातारी, बाळाची आजी, आली. खेड्यावरून एसटीनं आली होती, एकटी. मला ओळखलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

ती आपाच्या उंबऱ्यापाशी थांबली. "मले एक फोड दे केकची," म्हणाली. "अंदर नको. हितं, बाहीर. लोकं पायतीन असं."

आपानं केक केला. बराच वेळ लागला, म्हातारी ओट्यावर बसून राहिली. समोरच्या दारांतून, खिडक्यांतून लोक बघू लागले. मग म्हातारीनं बशी मांडीवर घेतली आणि तो तुकडा सावकाश, बिनदातांच्या तोंडानं, संपवला. मलईचं बोटही चाटलं. समोरच्या घरातली एक बाई खाली आली आणि दारात उभी राहिली. मला वाटलं, झालं, आता मिटलं.

मी आपाकडे पाहिलं. ती लोकांकडे बघत नव्हती. ती म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघत होती, अगदी निरखून, हात पदराखाली घट्ट धरून. बशी खाली ठेवल्यावरही बघत राहिली. आणि हळूच तिनं विचारलं, "माय, मळमळत त नाई नं?"

धंदा तिचा परत उभा राहिला. आज दोन बाया हाताखाली आहेत. तरी तिच्याकडून केक घेऊन गेलेल्या घरी ती संध्याकाळी एक फोन करते, असं ऐकतो. लोकांना वाटतं, किती अगत्याची बाई आहे.

हे प्रकरण मला काय शिकवून गेलं, असं भाचे विचारतात. एक तर हे, की आजारी कोण पडलं हे सगळेच सांगतात, ठणठणीत कोण राहिलं हे पोलिसानं विचारायचं असतं. हे मी नव्या पोरांना ठाण्यात शिकवलंही. दुसरं मात्र शिकवता आलं नाही. निर्दोष माणसाला आपण कागद देऊन घरी सोडतो आणि प्रकरण बंद झालं असं डायरीत लिहितो. त्या दिवशी तिच्या हातात मी पेन दिला असता तर तिनं सही केली असती, आणि ती सही खरी आहे असं तिला जन्मभर वाटलं असतं. मी दिला नाही. तरी अर्धी सही तिनं मनात केलीच, आणि ती पुसायचं कलम आमच्या कुठल्याही कायद्यात मला सापडलेलं नाही.